भाऊजींनी नकला सोडल्या

माझ्या भाऊजींनी ज्याची नक्कल केली नाही, असा माणूस नागपुरात एक तर अजून जन्मायचा होता किंवा त्यांच्यासमोर तोंड उघडायला घाबरत होता. हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, खापरखेड्याच्या वीजघरात फिटर. घरी आले की कधी चिडलेले साहेब होत, कधी दाढ दुखणारा कंडक्टर. एका लग्नात त्यांनी भटजींचा नाकातला सूर असा लावला, की आपला भाऊच आला समजून भटजी मंगलाष्टकं सोडून मागे वळले. "अवो, सोताच्या आवाजात कधी बोलान?" ताई म्हणे. तोंडात सदा तंबाखू, भातावर वरून मीठ, आणि डॉक्टर हा प्राणी फक्त नकलेपुरता.

हिवाळ्यातल्या एका रविवारी आम्ही अंगणात ऊन खात बसलो होतो. भाऊजी संत्रं सोलत होते. ते उजव्या हातातून गळालं, तोंड डावीकडे ओढलं गेलं आणि ते काहीबाही बरळू लागले. अंगणभर हशा पिकला. शेजारच्या काकूंनी तर विचारलं, "हा नवीन कोण वं?" थोड्या वेळाने जीभ सुटली, तेव्हा तेही हसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबू, मी नक्कल नव्हतो करून राहिलो गा. तुह्या ताईले हाक मारत होतो."

मी त्यांना तसाच डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला आणि चष्मा काढून ठेवला. "मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं होतं. या खेपेला सुटलं. पुढच्या खेपेला अर्धं अंग जाऊ शकतं. पुन्हा असं झालं तर वाट पाहू नका, लगेच आणा."

भाऊजींनी तंबाखू सोडली, वरचं मीठ सोडलं, गोळ्या सुरू केल्या. आणि कोणी न सांगता नकलाही सोडल्या.

"काहून, भाऊजी?"

"खरं आलं तं लोकाइले ओळखू यायले पाहिजे ना गा."

ते काही वर्षांनी खरंच आलं. जेवताना बोलता बोलता शब्द अडला. या वेळी कोणी हसलं नाही. ताईने उष्ट्या हाताने रिक्षा थांबवली. उजवा हात पुढे जरा हट्टी राहिला, पण भाऊजी वाचले.

आता ते स्वतःच्या आवाजात बोलत. मऊ, थोडा घोगरा आवाज. इतक्या वर्षांत आम्ही तो नीट ऐकलाच नव्हता.

"घर लय मोठं वाटते," एका संध्याकाळी ताई त्यांना म्हणाली. "एखादी करा ना, हळूच."

भाऊजी नुसते हसले. ओठांची दोन्ही टोकं सारखी वर गेली, आणि ताईने ती नीट पाहून घेतली.