डावी बाजू

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मुंबईत एका डबिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रक होते. पडद्यावरच्या माणसाचे ओठ आणि माइकसमोरच्या माणसाचा आवाज जुळवण्यात त्यांची तीस वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर ते ताईला घेऊन रत्नागिरीजवळच्या पालीला, गावच्या घरी राहायला आले. मी रत्नागिरीत हायस्कूलला गणित शिकवतो. पालीच्या वाडीतली शिकलेली माणसं शिक्षक झाली, कारकून झाली, पोस्टात लागली. भावोजींचं काम नेमकं काय ते मात्र वाडीत कुणाला कधी धड समजलं नाही. "आवाजाच्या कंपनीत आहेत," असं सांगून ताई मोकळी व्हायची.

निरोपाच्या दिवशी स्टुडिओतल्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना कानात घालायचे इअरफोन दिले होते. भारीतले. एकेका तुकड्यात पाच-पाच बारीक स्पीकर, आणि कानामागून वळवून घ्यायची तार, जी तुकड्यापासून वेगळी काढता यायची. डबीत अशा दोन तारा होत्या, एक तांब्याची आणि एक चांदीचा मुलामा दिलेली. मी इंटरनेटवर वाचलं होतं की चांदीच्या तारेने आवाज जास्त स्वच्छ येतो. भावोजींना विचारलं तर म्हणाले, "मास्तर, तो फरक कानाला कळत नाही. पाकिटाला कळतो."

पालीला आल्यावर त्यांनी एक काम काढलं. जयंतीला विहारात बायका पाळणे आणि गाणी म्हणतात, त्याच्या जुन्या कॅसेटी वाडीत घराघरात पडून होत्या. बायकांनी त्या पिशव्यांत घालून आणून दिल्या. कुणाच्या सासूचा आवाज, कुणाच्या गेलेल्या बहिणीचा. भावोजी एकेक कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायचे आणि त्यातली खरखर काढायचे. पडवीलगतच्या खोलीत जांभ्याच्या भिंतीला लावून त्यांनी टेबल मांडलं होतं. मी रविवारी एसटीने जायचो तेव्हा ते तिथेच असायचे, कानात ते इअरफोन, डोळे मिटलेले, आणि ताई दारातून म्हणायची, "जेवायला उठताय की तिथेच आणून देऊ?"

एकदा ते तसेच उठले, तार कोपराला अडकली आणि चहाचा कप पालथा झाला. संगणक थोडक्यात वाचला. मी मनावर घेतलं आणि त्यांच्या वाढदिवसाला बिनतारी केबल मागवली. गळ्यात घालायची एक पट्टी, तिच्या दोन टोकांना तेच कानातले तुकडे बसतात, आणि संगणकाला तारच लागत नाही.

"बिनतारी तार?" डबी उघडून ते म्हणाले. "म्हणजे बिनदुधाची खीर."

पण त्यांनी ती लावली. आणि त्यातून आमचा रविवारचा उद्योग सुरू झाला. मी म्हणायचो, आता बिनतारी इतकं सुधारलंय की फरक राहिलेला नाही. ते म्हणायचे, आहे. मग परीक्षा. त्यांना खुर्चीत माझ्याकडे पाठ करून बसवायचं, मानेवर टॉवेल टाकायचा, म्हणजे पट्टी आहे की तार हे अंगाला कळू नये. मी कधी हे जोडायचो, कधी ते, आणि एकच गाणं लावायचो.

"तार," ते म्हणायचे. "तार. हे बिनतारी. पुन्हा बिनतारी."

एकदाही चुकले नाहीत. मी विचारलं, कसं ओळखता? म्हणाले, "ओळ संपल्यावर बाई श्वास घेते ना, तो ऐक. बिनतारीत तो मधेच कापला जातो." मी कितीदा तरी ऐकलं, मला तो श्वास काही वेगळा वाटला नाही. माझे कान अडाणी आहेत असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. ताई हसायची. ते दिवस बरे होते. त्यांच्या लग्नानंतर भावोजींशी इतक्या जवळून बोलायला मला तेव्हाच मिळालं.

त्यांनी मला थोडं शिकवलंही. इअरफोनच्या एका बाजूने आवाज कमी येत असेल तर आधी बाजू बदलायची. डावा तुकडा उजव्या कानात, उजवा डाव्यात. "दोष तुकड्याबरोबर गेला तर तुकड्यात," ते म्हणाले होते. "तिथेच राहिला, तर पुढे बघायचं." स्टुडिओत नवीन आलेल्याला ते पहिली गोष्ट ही शिकवायचे.

गणपती होऊन गेले होते. भात पोटरीला आलं होतं. त्या रविवारी मी गेलो तेव्हा भावोजी टेबलाशी होते, पण डोळे उघडे.

"डावीकडे कमी येतंय," ते म्हणाले.

"बॅटरी उतरली असेल."

"मग दोन्हीकडे कमी यायला हवं."

तार लावून बघितली. तांब्याची, मग चांदीची. "तरी कमी. तुकड्याची पिन गेली वाटतं." त्यांनी इअरफोन काढून माझ्या हातात दिले. "तू बघ. फरक येतोय ना?"

मी घातले. संगणकावर एक पाळणा चालू होता. दोन्ही कानांत तो सारखाच येत होता. डोकं हलवलं, तुकडे दाबून बसवले, पुन्हा ऐकलं. सारखाच. भावोजी माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या मनात आलं, यांना ऐकू येतो तो फरक मला कधी आलाय, म्हणून आज येईल?

"हो," मी म्हणालो. "जरासा येतोय."

त्यांनी मान हलवली. ती हलवतानाचा त्यांचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. सुटका झाल्यासारखा चेहरा होता.

मी इअरफोन रत्नागिरीला नेले आणि दुसऱ्या दिवशी मुंबईला, कंपनीच्या दुरुस्ती केंद्राकडे कुरिअरने पाठवले. त्या आठवड्यात ताईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "हे हल्ली काय करतात कळत नाय. मागच्या दाराने हाक मारली तर पुढच्या दाराकडे बघतात."

"आता वय झालं," मी म्हणालो.

"सर्दी झालीय म्हणतात. कानाला दडा बसलाय म्हणे."

"मग वाफ घ्यायला सांग."

पार्सल परत यायला बारा दिवस लागले. शनिवारी संध्याकाळी माझ्या पत्त्यावर आलं. आत इअरफोन होते आणि एक छापील चिठ्ठी: दोन्ही बाजू तपासल्या, दोष आढळला नाही. मी ती पुन्हा पुन्हा वाचली. दुरुस्तीवाल्यांनी नीट बघितलंच नसेल, असं स्वतःला सांगत रविवारी पहिली गाडी पकडली.

भावोजींनी चिठ्ठी वाचली, घडी करून टेबलावर ठेवली. इअरफोन कानात घातले, गाणं लावलं. ताई दारात उभी होती. मग त्यांनी दोन्ही तुकडे काढले, आणि डावा उजव्या कानात, उजवा डाव्यात धरला. कानाच्या आकाराचे असल्याने ते उलटे बसत नाहीत, म्हणून बोटांनी दाबून धरावे लागले. तसेच ते बराच वेळ बसले. गाणं संपलं, पुढचं सुरू झालं.

"काय झालं?" ताईने विचारलं.

"डावीकडेच कमी आहे," ते म्हणाले. "अजून."

सोमवारी मी रजा टाकली. रत्नागिरीतल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली. कागदावर दोन रेघा आल्या. उजव्या कानाची वर, वयाप्रमाणे शेवटाकडे थोडी उतरलेली. डाव्याची थेट तळाशी. आलेख मी रोज फळ्यावर काढतो. हा वाचायला मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"अडीच आठवडे," भावोजी म्हणाले.

मी मनात दिवस मोजले. तो रविवार धरला तर दोन आठवडे होत होते.

बाई शांतपणे बोलल्या. असं अचानक होतं, बऱ्याचदा कारण सापडत नाही. पहिल्या तीन-चार दिवसांत गोळ्या सुरू झाल्या तर ऐकू परत येण्याची शक्यता बरी असते. आता उशीर झालाय, पण प्रयत्न करू. त्यांनी आम्हाला दोष दिला नाही. "इतके दिवस काय करत होतात?" एवढंच विचारलं, तेही ताईकडे बघून. ताई माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, "आम्हाला वाटलं, इअरफोन बिघडलेत."

गोळ्या झाल्या. मग कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं द्यायला कोल्हापूरला जायचं ठरलं, चार वेळा. चारही वेळा मी बरोबर गेलो. तिसऱ्या खेपेला परत येताना आंबा घाटात गाडी हळू उतरत होती. भावोजी खिडकीशी बसले होते, डावा कान खिडकीकडे, मी बोललेलं उजव्या कानाला ऐकू यावं म्हणून. मला राहवलं नाही.

"भावोजी, त्या रविवारी मला दोन्ही बाजू सारख्याच ऐकू आल्या होत्या."

ते बाहेर बघत राहिले. मला वाटलं, ऐकू गेलं नाही.

"मला गुरुवारीच कळलं होतं," ते म्हणाले. "सकाळी डाव्या कानाला फोन लावला तर पलीकडे कुणीच नाही. उजव्याला लावला तर तुझी ताई. बाजारातून करत होती."

"मग इअरफोन उलटे लावून का नाही बघितले? तुम्हीच तर शिकवलंत."

"उलटे लावले असते तर कळलं असतं ना."

पुढचं वळण गेलं. मग ते म्हणाले, "तू तेव्हा सारखं येतंय म्हणाला असतास, तर..." आणि थांबले. मी वाट बघितली. त्यांनी ते वाक्य पुरं केलं नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. तर मी मानलं नसतं, असं म्हणायचं होतं की तर मी डॉक्टरकडे गेलो असतो, असं? विचारायचा धीर मला झालेला नाही. साखरप्याला गाडी थांबली तेव्हा त्यांनी माझ्यासाठी चहा आणला, स्वतः घेतला नाही.

कान आला नाही. आली ती शीळ. डाव्या बाजूला सतत, बारीक, झोपेतसुद्धा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू सवय होईल. दुसऱ्या एखाद्या माणसाला झालीही असती. पण भावोजींचं काम खरखर काढायचं होतं, आणि ही शीळ नेमकी त्या खरखरीच्या जातीची. कॅसेटमधलं कुठलं आणि आपल्या डोक्यातलं कुठलं, हे त्यांना वेगळं करता येईना.

तरी दोन महिने ते बसले. उजव्या कानाने, तारेने. बिनतारी पट्टी खणात गेली, तिच्याबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. जयंतीच्या आधी दोन कॅसेटी पुऱ्या करायच्या होत्या. पहिली झाली तेव्हा त्यांनी ताईला बोलावून ऐकवली. त्यांच्या आत्याने म्हटलेला पाळणा होता. ताईने या आत्याचा हात धरून या घरात पाऊल टाकलेलं.

ताई शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"चांगला झालाय," ती म्हणाली.

"खरं सांग."

"आत्या 'स' म्हणायची ना, दातांतून हवा सोडल्यासारखा. तो नाय येत." मग म्हणाली, "बांगड्या पण नाय."

भावोजींनी मूळ कॅसेट पुन्हा लावली. तिच्यात दोन्ही होतं. ताईला ऐकू येत होतं, मलासुद्धा येत होतं. टाळी देताना बांगड्या वाजत होत्या, अगदी स्पष्ट. त्यांना येत नव्हतं. स्वतःची शीळ समजून त्यांनी आत्याचा अर्धा आवाज पुसला होता. त्यांनी केलेली प्रत काढून टाकली, संगणक बंद केला, आणि ताईला म्हणाले, "पिशव्या कुठे ठेवल्यास? ज्याच्या त्याला परत देऊन येतो."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं वाडीत फिरलो. मी त्यांच्या डावीकडून चालत होतो, म्हणजे त्या बाजूने मोटरसायकल आली तर मला दिसावी. प्रत्येक घरी ते तेच सांगत: काम जमलं नाही, तुमची कॅसेट जपून ठेवा. कुणी पाणी दिलं, कुणी बसा म्हटलं. बऱ्याच घरांत कॅसेट वाजवायचं यंत्र कधीच भंगारात गेलं होतं. एका सुनेने ती घेऊन टीव्हीच्या मागे ठेवली. मला ते बघवलं नाही.

शेवटचं घर विहारामागचं. तिथल्या म्हाताऱ्या काकी अंगणात सुपारी कातरत बसल्या होत्या. त्या कॅसेटवर त्यांचा स्वतःचाच आवाज होता, पंचवीस वर्षांपूर्वीचा. भावोजींनी कॅसेट पुढे केली. काकींनी हात पुढे केला नाही.

"कानाचा आयकला मी," त्या म्हणाल्या. "आता कसा हाय?"

"तसाच आहे."

"मग मी ही घेऊन काय करू? माझ्याकडे वाजवायला काय हाय?" आणि पुन्हा अडकित्ता चालवू लागल्या. "ऱ्हाऊ दे तुझ्याकडे. जमल तवा कर. नाय जमला तर नको."

भावोजींनी कॅसेट शर्टाच्या खिशात घातली. घरी येईपर्यंत दोन वेळा हात लावून ती आहे ना बघितली.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी रविवारी जातो. ताईने जेवणाची पानं मांडायची जागा बदललीय. ती त्यांच्या उजवीकडे बसते आणि मी समोर. भावोजी परसात भाजी लावतात, वर्तमानपत्र वाचतात, विचारलं तर उत्तर देतात. ती कॅसेट टेबलावर आहे, संगणकाच्या शेजारी, ताई तिच्यावरची धूळ पुसते. त्यांनी ती लावलेली नाही, आणि मी विषय काढत नाही.