मोटारवालीच्या वह्या

नातीचं कपाट परवा पहिल्यांदा उघडं सापडलं. आत रंगीत चित्रगोष्टींची पुस्तकं उभी लावून ठेवलेली, नात ज्यांना कॉमिक्स म्हणते ती. प्रत्येकाला वेगळी पारदर्शक पिशवी, पाठीला पुठ्ठा, तोंडाला चिकटपट्टी. मी एक ओढून काढलं, पट्टीला नख लावलं, तोच मागून आवाज आला, "आजी, ते उघडायचं नाही!" मी असा काही हात मागे घेतला की जणू तव्यालाच लागला. "मग वाचायचं कधी?" मी विचारलं. तर म्हणे, वाचायची प्रत वेगळी आणि ठेवायची वेगळी. एकाच गोष्टीच्या दोन प्रती, एक डोळ्यांसाठी आणि एक कपाटासाठी! तिला दोन शब्द सुनावणारच होते, पण तेवढ्यात सैल झालेल्या पट्टीतून छापील शाईचा वास आला. किंचित कडवट, किंचित रॉकेलकडे झुकणारा. तो नाकात शिरला आणि माझे शब्द जागच्या जागी राहिले, कारण त्या वासाला मी सत्तर वर्षं चुकवत आले आहे.

लढाईची वर्षं होती, दुसऱ्या महायुद्धाची. आमचं घर रिसोड गावाच्या कडेला, मागे वांग्या-मेथीचा मळा. घरातली माणसं उजाडायच्या आत मळ्यात आणि भाजीच्या टोपल्या बाजारात, असा सगळा संसार. मी बारा वर्षांची. थोरल्या भावाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि धनजहून वहिनी घरात आली होती. माझ्यापेक्षा चारच वर्षांनी मोठी, मराठी चौथीपर्यंत शिकलेली, आणि हातात काम असलं तरी डोळे कुठेतरी दुसरीकडेच लागलेले. दिवसभर डोक्यावरचा पदर सावरत मुकाट वावरणारी ही मुलगी आपली कोण होणार आहे, याची मला कल्पना नव्हती. ती कळली एका जिऱ्याच्या पुडीमुळे.

त्या काळी वाण्याकडचं सगळं रद्दीच्या पुडीतून येई. आमच्या शेठजीकडे अकोल्याहून रद्दीचे गठ्ठे येत आणि त्यात कुठलंसं इंग्रजी साप्ताहिक असे. एके दुपारी वहिनीने जिरं डब्यात ओतलं आणि चुरगळलेला कागद चुलीत घालण्यासाठी उचलला. उचलला तो हातातच राहिला. कागद रंगीत होता. त्यावर चौकटी होत्या आणि चौकटीत आखूड केसांची एक बाई लाल मोटार चालवत होती. मागे एक ढेरपोट्या शिपाई मोटारीला लोंबकळत फरफटत येत होता.

"अवं ताई," वहिनी कुजबुजली, "बाई मोटार हाकून राह्यली!"

आम्ही दोघी थिजून पाहत राहिलो. बाईने मोटार चालवणं म्हणजे काय असेल, ते मला तुम्हाला आज सांगता येणार नाही. आमच्या गावात मोटार येई तीच मुळी आठवड्यातून एखादी, आणि आली की बायका आडोशाला होत. वहिनी तर जन्मात मोटारीत बसली नव्हती. त्या चित्रातली बाई मात्र एका हाताने चाक फिरवत होती आणि दुसऱ्या हाताने शिपायाला टाटा करत होती. आमच्या डोक्यावर कुणी घागर ओतावी तसं झालं. त्या दिवशी भाजी करपली आणि मायची, म्हणजे माझ्या आईची, बोलणी आम्ही वाटून घेतली.

मग तो नादच लागला. पात्रांच्या तोंडातून जे पांढरे फुगे निघत त्यांना वहिनी बोंडं म्हणे. कपाशीचं बोंड फुटावं तसा माणसाच्या तोंडून शब्द फुटलेला. त्यातलं इंग्रजी आम्हा दोघींना एका अक्षराचंही कळत नव्हतं, आणि ते फार बरं होतं. बोंडात काय म्हटलंय ते आम्ही ठरवायचं. शिपाई वहिनीच्या वाट्याला, कारण तिला धनजच्या पाटलाची नक्कल यायची. "थांब वो बाई, कायले पळून राह्यली? माही टोपी तं दे!" असं ती नाकातून म्हणे आणि मी मोटारवालीच्या तोंडाने उत्तर देई. हसताना आवाज होऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबावा लागे. मळ्यात धोऱ्यावर, म्हणजे पाण्याच्या पाटाच्या कडेला, बसून मेथीच्या जुड्या बांधता बांधता आम्ही किती नाटकं केली असतील, त्याला गणती नाही.

पुड्या उघडून पानं जमवायची, तर घरात पुड्या यायला हव्यात. मग घरातलं जिरं भराभर संपू लागलं. खरं तर ते संपत नव्हतं, वहिनी ते एका मडक्यात ओतून वर राखुंडीची पुडी ठेवून देई. मी शेठजीकडे धावे आणि गठ्ठ्याकडे बोट दाखवून तोच कागद मागे. "बाई, तुले जिरं पायजे का कागद?" असं विचारणारा शेठजी शेवटी शेवटी विचारायचाही थांबला. पानं येत ती तेलाने, हळदीने, गुळाने माखलेली आणि पुढची-मागची झालेली. ती पाट्याखाली दाबून सरळ करायची आणि मग क्रम लावायचा. क्रम वहिनी लावी मोटारीवरून. एका पानात डावा दिवा फुटलेला असे, दुसऱ्यात नवा बसवलेला, तिसऱ्यात मागचं दार चेपलेलं. चेपलेलं आधी की दिवा आधी, यावर आमची खरीखुरी भांडणं होत. शेवटी गोधडीच्या दोऱ्याने पानं शिवून तीन वह्या झाल्या. मधली पानं न सापडल्याने जिथे खिंडार पडलं होतं तिथे वहिनीने कोरे कागद शिवले, सापडतील तेव्हा चिकटवायला. त्या वह्या तिच्या माहेरच्या पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूच्या खाली राहत. माणसाला आपलं म्हणावं असं त्या घरात तिला दुसरं काही होतं की नाही, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

आता मायबद्दल सांगायला हवं, वहिनी तिला मामी म्हणे. उन्हाळा लागला की आमच्याकडे लगदा होई. वर्षभराची रद्दी रांजणात चार-पाच दिवस भिजवायची, उखळात मेथ्यांबरोबर कुटायची आणि तो लगदा जुन्या टोपल्या-सुपांना लिंपायचा. वाळला की टोपली दगडासारखी घट्ट होई, डाळ-पीठ ठेवायला उत्तम. पण मायचा एक नेम होता. देवाचं नाव असलेला कागद ती रांजणात घालत नसे. तिला वाचता येत नव्हतं, तरी श्री हे एक अक्षर तिला ओळखू येई, लग्नपत्रिकांवर आणि पंचांगावर पाहून पाहून पक्कं झालेलं. कागद हातात घ्यायची, वरच्या बाजूला बघायची, श्री दिसला की कपाळाला लावून बाजूला ठेवायची. श्री नसला की पाण्यात. इंग्रजी कागद सरसकट पाण्यात, कारण साहेबाच्या अक्षरात आपला देव कुठून असणार!

त्या वर्षी वहिनी पहिल्या बाळंतपणाला धनजला गेली. निघताना तिने पेटीची किल्ली माझ्या हातात दिली. "ताई, वह्या सांभायजा. आता लगदा होईन," एवढंच म्हणाली. दमणीत, त्या छोट्या बैलगाडीत, बसल्यावर पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं. मला त्या जबाबदारीने झोप येईना. किल्ली माझ्याकडे असली तरी मायने मागितली तर नाही कसं म्हणणार? मग माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. मी दप्तरातली निळी पेन्सिल काढली आणि तिन्ही वह्यांतल्या पानापानावर, अगदी कोऱ्या कागदांवरसुद्धा, ठळक श्री लिहिला. दोन दिवस लागले. बोटं दुखली. आता रांजणाची काय बिशाद, असं वाटून मी स्वतःवरच खूश झाले, आणि अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशीकडे किन्हीराजाला जाताना किल्ली खुशाल भिंतीतल्या देवळीत ठेवून गेले.

आठ दिवसांनी परतले. ओसरीत माय बाळासाठी दुपटी शिवत बसली होती. दुपट्याचं कापड वहिनीच्या जुन्या लुगड्याचं होतं, म्हणजे पेटी उघडली गेली होती. मी धावत आत गेले. शालू होता. शालूखाली काही नव्हतं. मी रांजणाकडे पळाले आणि कोपरापर्यंत हात आत घातले. नुसता पांढुरका गाळ, रंगाचा ठिपका नाही. एक क्षण हायसं वाटलं. मग मायला विचारलं.

"ते पोथी होय ना वो?" माय सुईत दोरा ओवत म्हणाली. "पानापानावर श्री, हयदीचे डाग. किती पुजेल दिसे. पन पानं फाटेल होती. फाटेल पोथी घरात ठेवू नाई, अन् पोरीचे दिवस भरत आले. सोमवारले पैनगंगेवर गेलतो आमी, तवा नारय वाहून सोडली म्या. तिची सुटका सुखाची होवो म्हनलं."

मला भोवळ आली असं म्हणणार नाही, पण मी भिंत धरली, हे पक्कं आठवतं. माय मात्र सांगतच होती, किती भक्तीने सांगत होती! पाण्यात पानांचा लाल रंग सुटला म्हणे. तिला वाटलं, एवढं कुंकू आजवर कुणी वाहिलं असेल. सगळ्या बायकांनी हात जोडले. इंग्रज शिपायाच्या टोपीला आणि आखूड केसांच्या बाईला रिसोडच्या बायकांनी डोहाकाठी हात जोडले, आणि हे घडवून आणलं माझ्या निळ्या पेन्सिलीने. मी श्री लिहिला नसता, तर वह्या फार तर रांजणात पडल्या असत्या आणि उखळात जायच्या आत कदाचित मी येऊन त्या बाहेर काढल्याही असत्या. नदीतून काय काढणार? रडता येईना, हसता येईना, आणि मायला खरं सांगायची छाती होईना, कारण तिने जे केलं ते सुनेच्या जिवासाठी केलं होतं.

वहिनीला मुलगी झाली. भाऊ बघायला गेला आणि परत येताना तिचा निरोप घेऊन आला. "ताईले म्हना, मोटार सांभायजा, अशी म्हने ते. कायची मोटार वो?" तो हसत विचारत होता. मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले.

तीन महिन्यांनी ती आली. मुलीला पाळण्यात ठेवलं, मायच्या पाया पडली आणि पहिली संधी मिळताच माझ्याकडे किल्ली मागितली. मी तिला सगळं एका दमात सांगून टाकलं. तिचा चेहरा पांढरा पडत गेला तो मी पाहिला. पोटच्या पोरीचं काही बरंवाईट सांगितलं असतं तरी माणूस याहून वेगळा दिसला नसता.

"सगयाच?" तिने विचारलं.

"सगळ्याच."

"श्री कोनं लिवला?"

"म्या."

ती म्हणाली, "मले इचाराले पायजे होतं, ताई." उठली आणि पोरीला घ्यायला गेली. तिने मला एक धपाटा घातला असता तर मी सुटले असते. पण त्यानंतर तिने वह्यांचं नाव काढलं नाही, मोटारीचं नाही, आणि जिऱ्याचं मडकं एके दिवशी मायच्या हवाली केलं.

पुढच्या उन्हाळ्यात शेठजीच्या गठ्ठ्यात माझ्या नजरेस पुन्हा लाल रंग पडला. मी अक्षरशः झडप घातली. पान मी बघितलं नाही. नवं पान दोघींनी मिळूनच बघायचं, ही आमची रीत होती, म्हणून डोळे आवरून, घडी मुठीत धरून मी घरापर्यंत धावले. परसात लगद्याचं काम चाललं होतं. माय उखळाशी, वहिनी रांजणाशी, पोर गोणपाटावर रांगत. मी घडी पुढे केली. वहिनीने ओले हात लुगड्याला पुसले, पान उलगडलं आणि माझ्याकडे पाठ करून उजेडाकडे तोंड केलं. मी वाट बघत उभी राहिले. तिचे ओठ हलत होते. ती बोंडांत शब्द भरत होती, मला कळलं. मध्येच ती हसली. मग शेवटच्या चौकटीपाशी आली असावी. तिच्या भुवया वर गेल्या, तोंड जरा उघडं राहिलं, आणि ती तशीच कितीतरी वेळ बघत राहिली.

"देवाचं नाव नाई ना वो त्यावर?" मायने उखळावरून विचारलं.

"नाई मामी," वहिनी म्हणाली, आणि ते पान तिने रांजणात घालून तळहाताने पाण्याखाली दाबलं.

"वयनी! म्या पाह्यलं नवतं!"

"मालूम हाये," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. हात पाण्यातच होता.

त्यानंतर साठ वर्षं आमचा घरोबा राहिला. माझ्या लग्नात तिने सगळ्यांपेक्षा जास्त राबणूक केली, माझी दोन बाळंतपणं काढली, शेवटच्या आजारात माझ्याच हातून पाणी घेतलं. मनात काही धरून ठेवलं असेल असं तिने मला कधी वाटू दिलं नाही. विचारायची संधी हजारदा होती. पण दुसऱ्याचं सर्वस्व आपल्या हातून गेलं, की त्याला काही मागायला जीभ रेटत नाही. ती गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्या तीन वह्यांतली चित्रं मला धड आठवत नाहीत, आम्ही रचलेली बोलणीही विरून गेली. मळ्याच्या जागी घरं उभी राहिली. वहिनीचा तो चेहरा मात्र आजही दिसतो, उजेडाकडे वळलेला, भुवया वर गेलेल्या. त्या शेवटच्या चौकटीत काय पाहिलं असेल तिने?