बॅगेत न घातलेलं लुगडं

आमच्या दूध सोसायटीच्या चेअरमननी सांगून ठेवलं होतं, "थंडीच्या मुलखात जायचं हाय. तिथलं हवामान घडीघडीला बदलतंय. सकाळी ऊन, दुपारी पाऊस, संध्याकाळी बर्फ. तयारीनं या." आमच्याकडं पावसानं तिसऱ्या वर्षीही तोंड दाखवलं नव्हतं. सकाळी ऊन, दुपारी ऊन आणि संध्याकाळी टँकर का आला नाही याची चर्चा, एवढंच आमचं हवामान. ते दुसरं, बदलतं हवामान बघायला डेअरीच्या खर्चानं हिमालयात जायचं, याला अभ्यास दौरा म्हणत.

सोसायटीची मी संचालक, महिला राखीव जागेवरची. म्हणजे नाव माझं आणि खुर्ची नवऱ्याची, आमच्याकडं म्हणतात तसं मालकांची. मीटिंगला ते जायचे, भजी तेच खायचे आणि घरी येऊन म्हणायचे, "हितं सही कर." मी पिठाचा हात पदराला पुसून करायची. त्यामुळं दौऱ्याला कोण जाणार, हा प्रश्नच घरात कुणाला पडला नाही. मालकांनी दिंद्रुडच्या बाजारातून स्वेटर आणला, मफलर आणला आणि बॅगेत सगळ्यात आधी पाण्याचा कॅन ठेवला.

"अहो, तिथं डोंगरावरनं पाणी वाहतंय म्हणं," मी म्हटलं.

"वाहू दे. आपलं पाणी आपल्याजवळ असलेलं बरं."

टँकरमागं पळून पळून माणसाचं डोकं असं होतं. कॅनच्या वर त्यांनी स्वेटर दाबून बसवला.

मग एक दिवस चेअरमन स्वतः घरी आले. चहा संपवून म्हणाले, "भाऊ, ह्या खेपेला वरून कडक सांगितलंय. महिला संचालक म्हणजे बाईच पायजे. बायकांचीच डेअरी बघायची हाय तिकडं. वैनी येत नसल्या तर खालच्या आळीतल्या बाईला न्यावं लागंल."

खालच्या आळीशी आमचं ग्रामपंचायतीच्या निवडणुकीपासून वाकडं. मालक ताडकन म्हणाले, "येईल की! कावून न्हाई येणार?" मला कुणी विचारलं नाही, पण माझ्या मनात लाडू फुटत होते. खरं सांगते, मला जायचं होतं. लई जायचं होतं. लहानपणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेले तेवढाच माझा परमुलूख, आणि तिथं तरी काय बघितलं? नुसता ऊस.

मालकांचा कॅन बाहेर काढून मी बॅग भरायला घेतली. थंडी मला कुणी शिकवायची गरज नव्हती. उसाच्या फडात पहाटे बोटं कोयत्याला चिकटायची तेव्हा आई लुगड्यावर बापाचा फुल बाह्यांचा शर्ट चढवायची आणि ऊन वर आलं की काढून कमरेला बांधायची. बदलत्या हवामानाचा याहून चांगला बंदोबस्त मला अजून सापडलेला नाही. मालकांचे इस्त्रीचे शर्ट एकेक करून बॅगेत गेले. त्यांचा जीव वरखाली होत होता, पण चेअरमनसमोर हो म्हणून बसलेले. छत्री काढली तर वापर नसल्यामुळं उंदरांनी तिचं कापड खाल्लेलं. म्हणून खताच्या पोत्याची खोळ घडी करून घेतली.

बाजेवर बसून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "समदं भरलंस. अन् म्हशीचं काय?"

माझे हात थांबले. आमची म्हैस चाऱ्यासाठी छावणीत बांधलेली आणि माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला पान्हाच सोडत नव्हती. मालकांनी एकदा हात लावून बघितला तर तिनं त्यांना बादलीसकट उडवलं होतं. अशा दुष्काळात म्हैस आटली तर घरात काय खायचं? माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "मेली ही म्हैस!" असं म्हणत मी शर्ट परत बाहेर काढायला लागले.

"रडती कशाला?" आत्याबाई म्हणाल्या. "अंगावरलं लुगडं ठिवून जा. मी बाळंतीण होते तवा तुजे मामंजी माजं लुगडं नेसून धार काढायचे. म्हैस काय तोंड बघती व्हय? वास बघती. पर धुतलेलं न्हाई चालायचं."

त्यांचे स्वतःचे गुडघे वाकत नव्हते. आम्ही दोघींनी मालकांकडं बघितलं.

"येड लागलं का तुमाला? छावणीत समदा गाव असतोय!"

"मग जाऊ दे खालच्या आळीची," आत्याबाई म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून आडव्या झाल्या.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी छावणीत गेले ती दुसरं लुगडं नेसून. शेणाचं, म्हशीच्या आंबोणाचं, माझ्या घामाचं रोजचं लुगडं मालकांनी कडब्याच्या गंजीआड पँटीवरच गुंडाळलं आणि पदर कपाळापर्यंत ओढला. ते बाहेर आले तशी छावणी हसून फुटली. "आवं वैनी, मिशा कधी आल्या?" कुणी शिट्टी मारली. मी लांब हौदामागं उभी राहिले, म्हशीला माझा वास लागू नये म्हणून वाऱ्याच्या खालच्या अंगाला.

मालक बसले. म्हशीनं मान वळवली आणि पदर हुंगला, मग खांदा हुंगला. माझ्या जागेवर ते इतकी वर्षं बसत आले, पण एवढी चौकशी सोसायटीत कधी कुणी केली नव्हती. तिनं मागचा पाय उचलला. गेला आपला हिमालय, असंच वाटलं. पुन्हा कुणीतरी खदखदून हसलं तशी ती थरथरली.

मालक पदराआडून दबक्या आवाजात म्हणाले, "गप बसा बे! बिचकली तर माजी बायकू जायची राहील."

छावणी चिडीचूप झाली. म्हशीनं पाय खाली टेकला आणि रिकाम्या बादलीत पहिली धार वाजली. मी हौदामागं तोंडात पदर कोंबून रडले. चारचौघांत मालक माझ्या बाजूनं बोलले ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तेही माझं लुगडं नेसून.