वाळू वली हाय की!

जळक्या वाळूचा वास आला की कोल्हापुरातल्या आमच्या फाउंड्रीत आलेला तो हळू बोलणारा जपानी इंजिनिअर आठवतो. साच्याच्या वाळूतली ओल तो मीटरनं तपासायचा, आमचे मिस्त्री मुठीत दाबून. एकदा मिस्त्री ओरडले, "सायेब, वाळू वली हाय की वो!" त्या आवाजानं त्याला वाटलं, शिव्याच देतायत. दोन दिवस अबोला, आणि ओल्या वाळूमुळं प्रत्येक कास्टिंगला भोकं. तिसऱ्या दिवशी मिस्त्रींनी मुकाट्यानं त्याच्या तळहातावर वाळू ठेवली. त्यानं मूठ दाबली आणि मीटर खिशात टाकला. मायदेशी निघाला तेव्हा गेटातून आमच्याच आवाजात ओरडला, "येतो की!" आता वाळू मशीन तपासतं. परवा मीच मूठभर दाबून बघितली. वली होती, पण ओरडून सांगायला कुणी नव्हतं.