पाय टेकले का?

फोन आला तेव्हा मी दुकानासमोर रस्त्यावर उभा होतो आणि गाडीवर बसलेल्या एका शिक्षिकाबाईंना विचारत होतो, "पाय टेकले का?" सांगलीत माझं सीटकव्हरचं दुकान आहे. मोटारसायकलींच्या सीट सोलायच्या, फोम तासायचा, वर नवं रेक्झिन चढवायचं, हा माझा सत्तावीस वर्षांचा धंदा. काम झालं की गिऱ्हाइकाला गाडीवर बसवून हा एकच प्रश्न विचारायचा, ही माझी सवय. फोनवर कोयनानगरहून माझ्या दोस्ताचा, सर्जेरावचा, एक सहकारी बोलत होता. "अण्णा, सर्जेराव गेला. घाटात. गाडी थांबवली आन पाय टेकला न्हाई वो..." मी बाईंच्या पायांकडे बघत राहिलो. दोन्ही टाचा डांबरावर सपाट होत्या.

त्याला आता दोन महिने झाले. या दोन महिन्यांत मी लोकांचं फार ऐकून घेतलं. कुणी म्हणालं रस्ता खराब, कुणी म्हणालं वेळ भरली होती. एकानं तर माझ्याच दुकानात बसून, माझाच चहा पीत, चांगली माणसं देवालाही हवी असतात असं सांगितलं. त्याला मी हाकलून दिलं नाही याचं आजही वाईट वाटतं. सर्जेराव वेळ भरली म्हणून गेला नाही. तो दोन इंचांपायी गेला, आणि ते दोन इंच कुठून आले हे मला पक्कं ठाऊक आहे. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. मला ते जमणार नाही, वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

आयटीआयला आम्ही एका खोलीत राहिलो. तो माणदेशातला, त्याचे वाडवडील मेंढरं घेऊन चार-चार महिने रानोमाळ फिरणारे. मी सांगलीकडचा जैन. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत जेवणं उरकतात. सर्जेरावला कोयनानगरला वायरमनची नोकरी लागली, तरी महिन्या-दोन महिन्यांनी त्याची सांगलीला फेरी ठरलेली. वाटेतून फोन करायचा, "अण्णा, सूर्याला जरा धरून ठेव गड्या, मी इस्लामपुरात हाय." माझी आई खरोखरच दारात येऊन आभाळाकडे बघायची आणि त्याच्यासाठी ताटं थांबवायची. उंची पाच फूट दोन इंच, पण हिंमत दोन माणसांची. वादळात खांबावर चढायची वेळ आली की सगळे याच्याकडे बघायचे. जमिनीपासून तीस फुटांवर हा माणूस निर्धास्त, आणि जमिनीवर गाडी उभी करायची म्हटली की पंचाईत.

कारण गाडी घेतली ती ताडमाड. घाटात खड्ड्यांतून जायला उंच गाडीच पाहिजे, हे त्याचं म्हणणं एका परीनं खरंही होतं. पण सिग्नल लागला की याची नजर फुटपाथ शोधायची. फुटपाथ नसला तर दुभाजक. तोही नसला की डावीकडे सरकून, अर्धं अंग सीटबाहेर काढून, बुटाचं टोक तेवढं रस्त्याला लावायचा आणि चेहरा असा ठेवायचा की जणू ऐटीत उभा आहे. मी किती वेळा सांगितलं, लेका, मी जगाच्या सीट खाली घेतो, तुझी का नको? हसायचा. म्हणायचा, "पाय थांबणाऱ्याला लागत्यात. मी थांबतोय कवा?" या उत्तरावर तेव्हा मीही हसायचो. आता त्याचा राग येतो, आणि हसलो म्हणून माझाही.

एक दिवस त्याच्या बायकोचा, सुशीलावहिनींचा, फोन आला. "आवं अण्णा, तेवढी गाडी खाली घ्या की त्यांची. तीनदा पडली. घरात सांगत न्हाईत, पर गुडघं मला दिसत्यात." मी शब्द दिला. पुढच्या फेरीला तो आईसमोर जेवायला बसला तेव्हा मी सीट काढून आत नेली सुद्धा. दोन इंच फोम उतरवला आणि पुढच्या दोन्ही कडा तासून निमुळत्या केल्या. नुसती उंची कमी करून भागत नाही, सीट पुढं रुंद असली की मांड्या फाकतात आणि पाय खाली पोचत नाहीत. बाहेर आणून त्याला बसवलं. पाय टेकले का? "टेकले," तो पुटपुटला. मोठ्यानं बोल की. "टेकले रं, टेकले." मग तो चौकापर्यंत गेला आणि येताना रस्त्याच्या मधोमध, जिथं आधाराला काही नव्हतं तिथं, गाडी थांबवून दोन्ही पाय खाली सोडले. पुन्हा पुढं गेला, पुन्हा थांबला. असं चार-पाच वेळा. पन्नाशीचा माणूस नुसतं थांबण्यात एवढा आनंद घेतोय हे मी पहिल्यांदाच बघत होतो. निघताना म्हणाला, "कुणाला बोलू नको मातर."

त्यांच्या गावात घटस्थापनेला भावकीतले सगळे बाप्ये मोटारसायकलींवर डोंगरावरच्या देवीची ज्योत आणायला जातात. पुढची गाडी वर्षानुवर्षं सर्जेरावची. या वर्षी देवळासमोर गाड्या रांगेत लागल्या आणि त्याच्या चुलतभावानं, तानाजीनं, सर्जेरावच्या सीटवर हात फिरवला. म्हणाला, "दादानं गाडी वहिनीच्या मापाची करून घेतली वाटतं." सगळी रांग हसली. बस्स, एवढंच. शिवीगाळ नाही, भांडण नाही. त्या भावकीत साडेपाच फुटांच्या वर एकही माणूस नाही, हे मला मुद्दाम लिहायचंय. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांचे पाय तेव्हा अधांतरीच असतील.

दसरा झाला आणि तो दुकानात हजर. पहिल्यासारखी करून दे. मी समजावलं, चिडलो, वहिनींचं नाव काढलं. तो ऐकेना. "पन्नास माणूस हसलं, अण्णा." हसू दे, तुझ्याबरोबर घाटात येणारेत का ते? तर म्हणाला, "तू करतोस का समोरच्याकडं जाऊ?" समोरच्या दुकानातली शिलाई वाकडी असते. ती वाकडी शिवण घेऊन माझा दोस्त गावभर फिरणार, हा विचार माझ्या मनात आला... हे लिहिताना लाज वाटते. तो त्याच्या ऐटीत आणि मी माझ्या. मी सीट सोलली. जुना तुकडा कचऱ्यात गेला होता, म्हणून नवा कडक फोम कापला, चिकटवला, कडा भरल्या, वरून शिवण अशी घातली की कुणाला कळू नये. काम सुरेख झालं. "सुशीलाला बोलू नको," तो म्हणाला. मी मान डोलावली. त्या दिवशी पाय टेकले का हे मी विचारलं नाही. सत्तावीस वर्षांत तेवढं एक गिऱ्हाईक न विचारता गेलं.

तीन आठवड्यांनी घाटात दरड पडली म्हणून वाहनं थांबवली होती. सर्जेराव रांगेत डाव्या कडेला थांबला. तिथली साइडपट्टी चार बोटं खचलेली. पाय खाली गेला, जमीन शोधत राहिला आणि तोल गेला. गाडी कडेच्या दगडाला अडकून वरच राहिली. तो दरीत गेला.

भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी सगळ्यांदेखत मला एकच विचारलं. "अण्णा, तुमी तर कमी केली हुती की. मग पाय कसा टेकला न्हाई?" तानाजी शेजारीच बसला होता. त्यानं खाली बघितलं. मी म्हणालो, रस्ता खचला होता, वहिनी. ज्या लोकांवर मी वर तोंडसुख घेतलंय, त्यांच्यात पहिला नंबर माझाच आहे.

महिन्याभरानं तानाजी दुकानात आला, तीच गाडी घेऊन. वहिनींनी ती अंगणात नको म्हटल्यावर त्यानं ठेवून घेतली होती. इकडंतिकडं बघून म्हणाला, "दोन इंच कमी करा, अण्णा. कुणाला बोलू नका." माझीच शिवण उसवली, माझाच फोम खरवडून काढला. तो जवळजवळ अखंड निघाला. मग गाडी भर रस्त्यात उभी करून तानाजीला वर बसवलं आणि ओरडून विचारलं, पाय टेकले का? तो हळूच हो म्हणाला. मोठ्यानं सांगा, त्या दिवशी देवळासमोर बोललात तेवढ्या मोठ्यानं. समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. "टेकले," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. वाटलं होतं हे करून मला बरं वाटेल. वाटलं नाही.

रविवारी मी तो फोमचा तुकडा घेऊन वहिनींकडे गेलो. समोर ठेवला आणि सगळं सांगितलं, ज्योतीपासून शिवणीपर्यंत. त्यांनी तुकडा उचलला, अंगठ्यानं दाबून बघितला. मी वाट बघत होतो की म्हणतील, जाऊ द्या, ते कुणाचं ऐकत न्हवते. त्या म्हणाल्या, "मग न्हाई म्हणायचं हुतं, अण्णा." तुकडा माझ्या हातात परत दिला. "ह्यो घरात नको." दिवस मावळायला अजून तासभर होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या घरातून मला कुणी जेवून जा म्हटलं नाही. बरोबर केलं त्यांनी.

तुकडा आता मशीनशेजारच्या खिळ्याला टांगलाय. परवा एक जण आला, नवी उंच गाडी घेऊन. दुसरीकडून कुणीतरी सीट खाली घेऊन दिली होती, ती पुन्हा वर करून हवी होती. मित्र चिडवतात म्हणाला. मी त्याला खिळ्यावरचा फोम दाखवला, सर्जेरावचं सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, वाईट झालं म्हणाला आणि गाडी ढकलत समोरच्या दुकानात गेला. तासाभरानं सीट तयार झाली, शिवण वाकडी. मी दारात उभा राहून बघत होतो. कोपऱ्यावरच्या सिग्नलला तो थांबला तेव्हा त्याचा डावा पाय फुटपाथ शोधत होता.