आईची दाढ आणि माझं मास्टर्स

जळगाव जामोदच्या बसस्टँडवर मला निरोप द्यायला जेवढी माणसं आली होती, त्यातल्या निम्म्यांनी तोंडं उघडली होती. रडायला नाही, दाखवायला. गल्लीतला एकुलता एक बीडीएस अमेरिकेला चाललाय, पुन्हा फुकटात कोण बघणार? काकूंनी हिरडी दाखवली, शेजारच्या गुरुजींनी हलणारा सुळा दाखवला. नांदुऱ्याच्या गाडीच्या कंडक्टरची आणि माझी तर ओळखही नव्हती. तो तिकिटाचं मशीन काखेत धरून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मले थंड पाणी लागून राह्यलं. जरा पाह्यता का?" मी मोबाइलचा टॉर्च लावून सगळ्यांची तोंडं पाहिली आणि सगळ्यांना एकच सल्ला दिला, दवाखान्यात जा. एवढ्यावर मी डॉक्टर म्हणून गाव सोडलं.

आईनं मात्र तोंड उघडलं नाही. तिची उजवीकडची खालची दाढ किडलेली होती, मला इंटर्नशिपपासून माहीत होतं. काढू म्हटलं की ती टाळायची. गाडी सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाली, "माही दाढ तूच काढजो. वापस आल्यावर. तवरोक मी डाव्या बाजूनं खाईन."

आणि बाबा, जन्मभर शाळामास्तर, गाडीबरोबर चार पावलं चालत ओरडले, "मास्टर्स पह्यले करून टाक बे! डिग्री कुठी वाया जात नसते!"

हे वाक्य माझ्या आयुष्यात जितकं महागात पडलं, तितकं दुसरं कुठलं पडलेलं नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपली बीडीएस तिकडे चालत नाही. रुग्णाच्या तोंडात हात घालायचा तर तिथल्या डेंटल कॉलेजात पुन्हा शिकावं लागतं. जागा थोड्या, आणि अर्ज करणारे सगळ्या जगातले डॉक्टर. म्हणून आपली पोरं आधी एखादं मास्टर्स करतात. अर्जाला वजन येतं म्हणे. मीही पब्लिक हेल्थमध्ये केलं. दोन वर्षं मी एकाही दाताला हात लावला नाही. फक्त दात मोजले, तेही लोकांनी सर्व्हेत सांगितलेले, संगणकाच्या पडद्यावर. डिग्री मिळाली तेव्हा बाबांनी शाळेत पेढे वाटले. मी इकडे पार्किंग लॉटमध्ये गाऊन घालून सेल्फी काढला. तो पाहून आईचा एकच प्रश्न, "आता दातांचा डॉक्टर झाला का?"

"नाही, अजून अर्ज करायचाय."

"मंग हे कायचं झालं?"

पहिला इंटरव्ह्यू आला आणि मला वाटलं, बाबा जिंकले. समोरच्या प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, मास्टर्स का केलंत? याचं उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. समाजाच्या दंतआरोग्याची तळमळ वगैरे. माझंही पाठ होतं. पण बाई इतक्या घरच्यासारख्या हसल्या की माझ्यातला जळगाव जामोद जागा झाला. मी म्हणालो, "तुमच्याकडे अ‍ॅडमिशन मिळावी म्हणून." इथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. मी पुढे त्यांना बाबांची गोष्ट सांगितली. आधी बी.ए., मग बी.एड., मग एक एम.ए., मग दुसऱ्या विषयात आणखी एक एम.ए., आणि दर डिग्रीगणिक स्टाफरूममध्ये पंख्याच्या जास्त जवळची खुर्ची. आमच्याकडे डिग्री घ्यायची ती पुढं सरकायला, असं मी अभिमानानं समजावून सांगितलं. बाई पोट धरून हसल्या. मी बाहेर येऊन लगेच बाबांना फोन केला, काम झालं म्हणून. पुढे नकाराची ईमेल आली. बाबा म्हणाले, "हासल्या होत्या ना? मंग?"

पुढच्या वर्षी एका कॉलेजच्या प्रवेशाच्या प्रात्यक्षिकात निदान हातचं काम दाखवायची संधी मिळाली. खोटं डोकं, खोटा जबडा, प्लास्टिकचे दात. एक दाढ कोरून दाखवायची, बस. गावात असताना हे काम मी गप्पा मारत करायचो. ड्रिल हातात धरलं आणि कळलं की इतकी वर्षं माउस धरलेला हात आता माउसचाच झालाय. घाबरून मी त्या प्लास्टिकच्या डोक्याला म्हणालो, "आ करा जी, मोठ्ठा आ." परीक्षकानं मान वर करून पाहिलं. त्याच क्षणी ड्रिल सरकलं आणि शेजारच्या धडधाकट दाताला ओरखडा गेला. दंतवैद्याला यापेक्षा मोठी लाज नाही.

आता गावाकडची मुलं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतात, "सर, मास्टर्स केल्यानं डेंटलला नंबर लागते का?" मला चीड येते. प्रश्नाची नाही, उत्तराची. कारण खरं उत्तर 'हो' पण नाही आणि 'नाही' पण नाही. माझ्याबरोबरच्या काहींचा नंबर लागला. त्यांनी मास्टर्स करता करता कुठल्या तरी दवाखान्यात असिस्टंट म्हणून खुर्चीजवळ उभं राहून हात जिवंत ठेवला, प्राध्यापकांच्या ओळखी केल्या. मास्टर्सनं त्यांना दारापर्यंत नेलं, आत ते हातानं गेले. मलाही दारापर्यंत नेलं. मी दारात उभा राहून बाबांच्या खुर्चीची गोष्ट सांगितली.

या सगळ्या काळात दर रविवारी फोनवर मी विचारायचो, "दाढ कशी आहे?" आई म्हणायची, "हाय जाग्यावर. तुही वाट पाहून राह्यली." आम्ही दोघंही हसायचो. व्हिडिओत तिचा डावा गाल हलताना दिसायचा, उजवा नाही.

गेल्या रविवारी उजवा गाल हलत होता. मी विचारायच्या आधीच ती म्हणाली, "काढली रे. गाल लय सुजला होता, तुहे बाबा ऐकेच ना. शुभांगीकडे गेलो." शुभांगी माझ्या वर्गातली. बीडीएस झाल्या झाल्या गावात दवाखाना टाकला, पुढे काही शिकली नाही. मी तिला समजावलं होतं, मास्टर्स तरी कर म्हणून.

"दुखलं का?"

"नाई बावा. तिचा हात लय हलका हाय." मग आईला माझा चेहरा दिसला असावा. घाईनं म्हणाली, "तुह्यासारखाच."

मी फोन धरलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं.

"आन दाढ फेकू नाई देली मी," ती म्हणाली. "धुऊन ठेवली. तू आला की पाह्यजो, किती किडली होती ते."

यंदा पुन्हा अर्ज भरतोय. आता शनिवारी एका दवाखान्यात असिस्टंट म्हणून उभा राहतो, लाळ ओढायची नळी धरतो. इकडचे मित्र विचारतात, घरची आठवण येते का? येते, पण बसस्टँडची नाही, सातपुड्याची नाही. आमच्या स्वयंपाकघरात, आई सांगते तसं, मिठाच्या बरणीमागे, हिंगाच्या रिकाम्या डबीत एक दाढ आहे. ती बघायला कुठल्या कॉलेजचा दाखला लागत नाही. माझं घर सध्या एवढंच आहे, आणि त्याला हिंगाचा वास येत असणार.