पंधरा दिवसांचे कंडक्टर

मीरा रोडला राहायला आलो तेव्हा आम्हाला एक मूल होतं आणि माझं डोकं ठिकाणावर होतं. दुसरं झालं आणि डोक्याचं नावच सोडून दिलं. थोरला चार वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. थोरला काहीही खायचा नाही आणि धाकटी काहीही खायची. त्यात खडू आला, साबण आला, आणि एकदा रेशनकार्डाचा कोपराही आला. मी फोर्टात एका खासगी कचेरीत टायपिस्ट होते. नवरा काशीमीऱ्याला एका गोदामावर सुपरवायझर, तोही पाळ्यांमध्ये. मुलं सांभाळायला एक बाई यायच्या. त्यांच्या गावी भाचीचं लग्न निघालं आणि त्या ज्या गेल्या त्या गेल्याच.

माझी होती नव्हती ती सगळी रजा संपली. साहेबांनी बोलावून अगदी गोड आवाजात सांगितलं, "बाई, महिनाअखेरपर्यंत काय ते ठरवा. नाहीतर आम्हाला दुसरी टायपिस्ट बघावी लागेल." एरवी खेकसणारा माणूस गोड बोलायला लागला की समजावं, पाणी गळ्याशी आलं. नोकरी माझी मला प्यारी होती. पगार तर हवाच होता, पण त्याहून जास्त म्हणजे तिथे टाइपरायटरच्या पुढ्यात मला कोणी "आई" म्हणून हाक मारत नव्हतं.

शेवटी नवऱ्याने महाडकडच्या गावी आपल्या वडिलांना निरोप धाडला. माझे सासरे लाल गाडीवर कंडक्टर होते, नुकतेच रिटायर झालेले. सासूबाई आमच्या लग्नाआधीच गेल्या होत्या. सासरे आले, आणि चप्पल काढायच्या आधी दारातच म्हणाले, "पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी सकाळी माझी गाडी. तोवर तुमची काय सोय लागते ती लावून घ्या."

पहिल्या संध्याकाळी मी घरी आले तर दार सताड उघडं. थोरला उघडाबंब गॅलरीत उभा राहून खालच्या पाण्याच्या टँकरवाल्याला हुकूम सोडत होता. धाकटी पलंगाखाली बसून कांदा चावत होती. सासरे जमिनीवर, सदऱ्यावर वरण, चष्म्यावर वरण.

"सूनबाई," ते म्हणाले, "गणपतीत खचाखच भरलेली गाडी मी एकट्याने कोकणात नेलेली आहे. टपावर माणसं, आत कोंबड्या. पण असले उतारू मला जन्मात भेटले नाहीत."

मला हसू फुटलं, पण मनात म्हटलं, हे पंधरा दिवससुद्धा काढत नाहीत.

दुसऱ्या दिवशी घरात शिरले तर माझी कपडे वाळत घालायची दोरी हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत आडवी बांधलेली, आणि तिच्या टोकाला देवघरातली घंटा! देव बिचारे मुकाट बसलेले. सासऱ्यांनी मला नियम समजावून सांगितले. एक घंटी दिली की जो जिथे असेल तिथे थांबायचं. डबल दिली की निघायचं. चालत्या गाडीतून, म्हणजे ताटावरून, उतरायचं नाही. मधेच कुठे थांबायचं नाही, स्टॉप आला तरच. आणि सगळ्यात मोठा नियम, माणसं मोजल्याशिवाय डबल द्यायची नाही. "एक माणूस मागे राहिला ना, तर कंडक्टरची लाज जाते," हे ते दीड वर्षाच्या पोरीलासुद्धा बजावून सांगत.

घराचे स्टॉपही ठरले होते. स्वयंपाकघर म्हणजे पेण. न्हाणीघर म्हणजे वडखळ, कारण वडखळला उतरून सगळे आधी कुठे पळतात हे त्यांना पाठ होतं. पलंग म्हणजे महाड, शेवटचा स्टॉप. गाडी महाडला लागली की सगळ्यांनी झोपायचं.

आणि गंमत अशी की, पोरं ऐकायला लागली! चार महिने मी ज्या पोराच्या मागे भाताचा घास घेऊन घरभर फिरले, तो पेण आलं की टुणकन मांडी घालून बसायचा. धाकटीला एक घंटी ऐकू आली की तोंडाशी नेलेला साबण तिथल्या तिथे थांबायचा. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण खरं सांगते, जरा जळफळाटही झाला. नऊ महिने पोटात मी वागवली, आणि ऐकायची कोणाचं, तर देवघरातल्या घंटेचं.

आठवड्याभरात बिल्डिंगमधली पोरं आमच्याकडे लोटली. समोरच्या गुजराती वहिनींचे दोन, वरच्या मजल्यावरची नांदेडकडच्या कुटुंबातली एक चुणचुणीत मुलगी, आणखीही कोणकोण. हॉलमधल्या खुर्च्या एकामागे एक लागल्या. सासरे मधून तिरके तिरके चालत "पुढे सरका, पुढे सरका, दारात उभं राहू नका" करत जायचे. एकदा गुजराती वहिनी मला जिन्यात धरून म्हणाल्या, "भाभी, मेरा बाबा घर में खाना नहीं खाता. बोलता है, पेण आएगा तब खाऊंगा. ये पेण किधर आया?" माझ्या माहेरची माणसं आली होती, त्यांच्या देखत थोरला मोठ्याने म्हणाला, "आई, मला वडखळला लागलीय." माझ्या भावाला वाटलं, पोराला गावाला जायची घाई झालीय.

दिवस मात्र पळत होते. दुसरी बाई मिळत नव्हती. पाळणाघर होतं, पण तिथल्या बाई पोरांना दुपारी अफू दिल्यासारखं झोपवायच्या, ते मला पटेना. सासरे राहिले तर नोकरी राहणार, ते गेले तर राजीनामा, इतकं सोपं गणित होतं. पण त्यांना "राहा" म्हणणार कोण? नवरा वडिलांसमोर तोंड उघडायचा नाही. लहानपणापासून त्याने वडिलांशी जेवढं बोलणं केलं असेल, तेवढं मी भाजीवाल्याशी एका फेरीत करते.

"तू बोल," तो म्हणायचा.

"वडील तुझे. तू बोल."

"तुझं ऐकतील ते."

"माझं पोरं ऐकत नाहीत, तुझे वडील ऐकणार?"

सुनेने सासऱ्यांना आग्रह केला तर त्यात आपला स्वार्थ दिसणार, हे मला कळत होतं. कारण तो होताच. म्हणून मी तोंडाऐवजी ताटातून बोलत राहिले. सुके बोंबील, जवळ्याची चटणी, कुळथाची पिठी, रोज एक नवीन लाच. ते बोटं चाटून खायचे आणि हात धुता धुता म्हणायचे, "सोमवारी निघायचंय हं."

एका संध्याकाळी धाकटी त्यांच्या मांडीवरच झोपली. तिला पलंगावर न्यायला मी हात पुढे केले, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. नवरा पाळीवर होता. त्याच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ते म्हणाले, "ह्याला मी लहानपणी असा झोपलेलाच पाहिला. मुक्कामाची गाडी असायची. यायचो तेव्हा झोपलेला, निघायचो तेव्हा झोपलेला. जागेपणी कसा दिसायचा, ते त्याच्या आईलाच ठाऊक."

'मग आता राहा की,' हे अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ते घसा खाकरून म्हणाले, "आपलं असं आहे. वेळ झाली की गाडी सोडायची. घरात रमणाऱ्यातला मी नाही." मी ओठ मिटले आणि मनातल्या मनात त्यांना, त्यांच्या मुलाला आणि त्या वेळेवर सुटणाऱ्या गाडीला भरपूर शिव्या घातल्या.

शेवटचा रविवार आला. नवऱ्याच्या गोदामातला एक जण भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पालीचा, कोळी. त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं. सासऱ्यांची पिशवी भरून दाराशी उभी होती, ती तशीच ठेवून आम्ही भाईंदरहून बसने गेलो. ताजी मासळी, तांदळाच्या भाकऱ्या, वाळूत लोळलेली पोरं. सासऱ्यांनी समुद्रालाही "मागे सरका" करून दाखवलं. धाकटी इतकी हसली की तिला उचकी लागली. मी हसत होते आणि मधेच आठवत होतं, की उद्या ह्या वेळी मी राजीनामा टाइप करत असेन, आणि तोसुद्धा मलाच टाइप करावा लागेल.

परतीला बस थांब्यावर उभी होती. ड्रायव्हर जागेवर, इंजिन सुरू. आत बऱ्याच कोळणी टोपल्या घेऊन बसलेल्या. कंडक्टर शेजारच्या टपरीवर चहा घेत होता, आणि सासरे अर्थातच त्याच्यापाशी. दोन कंडक्टर एकत्र आले की काय होतं ते मी त्या दिवशी पाहिलं. कुठल्या घाटात कुठली गाडी बंद पडली, कोणाची बदली कुठे झाली, दोघांना जगाचं भान राहिलं नाही. नवरा खिडकीला टेकून पेंगत होता. धाकटी माझ्या मांडीवर. थोरला दाराजवळच्या कंडक्टरच्या सीटवर उभा, आणि त्याच्या नाकासमोर घंटीच्या दोरीचं टोक लोंबत होतं.

ते टोक आपल्या पोराच्या नाकासमोर लोंबतंय, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं.

टिंग टिंग!

बस निघाली. ड्रायव्हरने डबल ऐकली, गिअर टाकला, झालं. मागच्या काचेतून पाहते तर दोन माणसं धावतायत. पुढे खाकी, मागे पांढरा सदरा, एका हातात चप्पल. कोळणींनी एकच गिल्ला केला, "आरं थांब! कंडक्टर गाडीत न्हाय!" पण त्या काय, एरवीही एवढ्याच आवाजात बोलतात. ड्रायव्हरला वाटलं, नेहमीचं चाललंय.

"घंटी दे! एक दे!" मी ओरडले.

"स्टॉप नाही आला," थोरला शांतपणे म्हणाला. "मधे थांबायचं नसतं."

मी धाकटीला नवऱ्याच्या अंगावर टाकलं, तो दचकून "काय झालं, काय झालं" करत उठला, आणि मी दोरीला जाऊन लोंबकळले. घाबरून जी ओढत सुटले ती टिंगटिंगटिंगटिंग, आणि ड्रायव्हरला वाटलं, मागून घाई करतायत. त्याने वेग वाढवला! एक म्हातारी कोळीण हसून हसून टोपलीवर आडवी झाली. "एकदाच वढ गो बाय, एकदाच!" ती म्हणाली. मी एकदा ओढली. बस थांबली. थोरल्याने भोकाड पसरलं, कारण आईने नियम मोडला होता.

खरा कंडक्टर धापा टाकत चढला. मागून सासरे. चेहरा लालबुंद, घामाने चष्मा नाकाच्या टोकाला आलेला.

"घंटी कोणी दिली?" कंडक्टर गरजला.

थोरला रडं गिळून ताठ उभा राहिला. "मी. सगळे बसले होते."

मी डोळे मिटले. आता ह्या पोराला मार बसणार, की मला शिव्या, एवढंच बघायचं होतं. पण सासऱ्यांनी कंडक्टरला हातानेच थांबवलं आणि पोरासमोर वाकले. त्यांना दम लागला होता, तरी आवाज अगदी कामावरचा.

"मोजलंस का आधी?"

"मोजलं. आई, बाबा, ही आणि मी. चार. बरोबर चार."

"आणि मी रे?"

थोरल्याला तो प्रश्नच कळला नाही. "तुम्ही उद्या जाणार ना, आजोबा? बाबा म्हणाले, उद्यापासून आपण चारच." मग त्यांची समजूत काढल्यासारखं म्हणाला, "म्हणून तुम्हाला नाही मोजलं."

नवऱ्याने मान खाली घातली. सासरे वाकलेले होते ते तसेच राहिले, मग हळूच दाराच्या दांड्याला धरून सरळ झाले. ती म्हातारी कोळीण हसायची थांबली आणि टोपली बाजूला ओढून म्हणाली, "बस बाबा हितं." ते बसले. कंडक्टरने घंटी दिली आणि बस निघाली. भाईंदर येईपर्यंत त्यांनी खिडकीबाहेरून नजर काढली नाही. मला पोराचा राग आला, नवऱ्याचा आला, त्या म्हाताऱ्याची तर इतकी दया आली की माझ्या डोळ्यांना धारच लागली. लेकीने आपल्या खारट हाताने माझं तोंड पुसलं, त्याने डोळे आणखी झोंबले.

घरी आलो. कोणाला भूक नव्हती. पोरं वाळूसकट झोपली. सासऱ्यांनी दाराजवळची पिशवी उचलून खुर्चीवर ठेवली आणि तिच्याशेजारी बसले. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले.

"उद्या किती वाजता निघायचंय?" त्यांनी विचारलं.

मी तांब्या खाली ठेवला. "तुमची गाडी सकाळची ना, बाबा? हे येतील सोडायला. दशम्या करून देते मी."

"माझं कुठे विचारलं? तुझं विचारतोय. कचेरीला किती वाजता निघतेस?"

"आठला," मी म्हटलं. 

त्यांनी पिशवीची गाठ सोडली, आतून आपला टॉवेल काढला, झटकला आणि गॅलरीतल्या दांडीवर नेऊन टाकला. परत येताना पलंगाशी थांबून त्यांनी पोरांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

"मग आता पड," ते म्हणाले. "सकाळी पोरांची काळजी करत बसू नकोस. घरी मी आहे."